कोळेश्वर-कमळगडाचा वळसा: शेवटचा दिवस नीट कसा उतरवायचा

तीन दिवस पाठीवर ओझं घेऊन चाललेला गट चौथ्या दिवशी सकाळी अंगाने सर्वांत थकलेला असतो आणि मनाने सर्वांत निर्धास्त. मांड्या भरून आलेल्या असतात, पाणी मोजकंच उरलेलं असतं, शिधा संपत आलेला असतो आणि डोळ्यांपुढे वाट नव्हे, एसटी दिसत असते. त्यात भर म्हणजे शेवटचा टप्पा जवळजवळ नेहमीच उताराचा असतो. चढात चुकलेलं पाऊल फक्त दम काढतं, उतारावर तेच पाऊल घोटा मोडतं. म्हणून या वळशाची आखणी शेवटाकडून सुरुवातीकडे करायची. आधी चौथ्या दिवसाचे तास ठरवायचे, मग तिसऱ्याचा मुक्काम, आणि पहिल्या दिवसाचा विचार सगळ्यांत शेवटी.

वळसा असा आहे. वाईच्या पश्चिमेला धोम जलाशयाला दोन फाटे फुटतात, एक कृष्णेच्या खोऱ्यात आणि दुसरा वाळकीच्या. या दोन खोऱ्यांमध्ये कोळेश्वरचं लांबलचक पठार पसरलंय आणि त्याच्या पूर्व टोकाला कमळगड उभा आहे. वाळकीच्या बाजूला वासोळ्याहून निघायचं, खोऱ्याने वर जांभळीला जायचं, तिथून कोळेश्वर ओलांडून पलीकडे जोरला उतरायचं. मग कृष्णेच्या काठाने खाली बलकवडीमार्गे नांदगणे, नांदगण्याहून कमळगडाची माची आणि पलीकडच्या सोंडेने, म्हणजे डोंगराच्या उतरत्या धारेने, परत वासोळे. ओझं घेऊन आरामात चार दिवस लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. मार्चपासून पाण्याचे वांधे होतात आणि वणव्याचं भय असतं. कोळेश्वरच्या गच्च रानात गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय शिरू नये. झाडीमुळे तिथे दिशा समजत नाही आणि ढोरवाटांचं जाळं भलतीकडे नेऊन सोडतं.

तिसऱ्या रात्रीचा मुक्काम

नांदगण्याहून कमळगडाच्या पदरातल्या, म्हणजे माथ्याखालच्या सपाटीवरच्या, झाडीत गोरखनाथाचं देऊळ लागतं. शेवटच्या रात्रीसाठी हीच जागा सोयीची, कारण गडमाथा इथून जवळ आहे आणि दोन्ही बाजूंच्या गावांकडे वाटा जातात. ओझं घेऊन नांदगण्याहून इथे यायला तीन ते चार तास धरा. पाणी कुठे आहे आणि किती आहे ते नांदगण्यातच विचारून घ्या. आदल्या वर्षी होतं म्हणून यंदाही असेल, असं गृहीत धरू नका. पोलीस पाटलांना आणि भेटले तर वनरक्षकांना आपण किती जण आहोत, रात्री कुठे थांबणार आणि उद्या कुठल्या गावात उतरणार, एवढ्या तीन गोष्टी सांगा. मोबाइलला रेंज असो वा नसो, आपण कुठे आहोत हे माहीत असलेला एक तरी माणूस खाली असलाच पाहिजे.

अंधार पडण्याआधी तीन मोजण्या करून घ्या. पहिली शिध्याची. सहा जणांच्या गटाला रात्रीच्या खिचडीसाठी ६०० ग्रॅम तांदूळ आणि ३०० ग्रॅम मुगाची डाळ पुरते, सकाळच्या पोह्यांना अर्धा किलो. त्याशिवाय माणशी १०० ग्रॅम गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की वेगळी बांधून ठेवायची. ही पुडी गावच्या डांबरी रस्त्याला लागेपर्यंत फोडायची नाही. उशीर झाला, वाट चुकली, कुणाला खांद्यावर घेऊन उतरावं लागलं, तर तीच कामी येते.

दुसरी मोजणी गॅसची. २३० ग्रॅम गॅसचा भरलेला कॅनिस्टर (डबा) साधारण ३८० ग्रॅम भरतो आणि रिकामा झाला की १५० च्या आसपास. छोटा लटकता वजनकाटा सोबत असेल तर किती गॅस शिल्लक आहे ते लगेच कळतं. नुसता हलवून अंदाज हमखास चुकतो. एक लिटर पाणी उकळायला वारा नसताना १२ ते १५ ग्रॅम गॅस जातो, वाऱ्यात त्याच्या दीडपट-दुप्पट. संध्याकाळचा चहा, खिचडी आणि सकाळचे चहा-पोहे धरून १०० ग्रॅम हाताशी हवा. कमी भरला तर सकाळी पोहे शिजवायच्या भानगडीत पडू नका. भिजवलेल्या पोह्यांत गूळ घालून खा आणि गॅस चहाला ठेवा. लाकडं पेटवून भागवू, हा विचार सोडून द्या. हिवाळ्यात गवत वाळून कोळ झालेलं असतं, एका ठिणगीनं सगळा उतार पेटतो. शिवाय धुराने कड्यावरची आग्या मोहोळं उठतात.

तिसरी मोजणी माणसांची, आणि तिच्यात घाई नको. प्रत्येकाला बूट-मोजे काढायला लावा आणि टॉर्चच्या उजेडात पाय बघा. जिथे नुसती लाली आहे तिथे लगेच चिकटपट्टी लावा, म्हणजे फोड येणार नाही. फोड आलाच असेल आणि छोटा असेल तर फोडू नका. त्याच्याभोवती कडं करून पट्टी लावा, म्हणजे दाब फोडावर येत नाही. गुडघा दुखतोय का, पायऱ्या उतरताना कळ येते का, आज दिवसभरात लघवी किती वेळा झाली, हे प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारा. चारचौघांत विचारलं की सगळेच ‘मी मस्त’ म्हणतात. ज्याला दिवसभरात दोनदाच लघवी झाली आणि तीही गडद पिवळी, त्याच्या अंगात पाणी कमी आहे. त्याला रात्रीच एक लिटर साखर-मीठ-पाणी थोडं थोडं करून पाजा. प्रमाण असं: एक लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, आणि चमचा चहाचाच. मीठ जास्त झालं तर फायद्याऐवजी अपाय होतो.

घड्याळ उलटं फिरवा

डिसेंबरअखेरीस या भागात सूर्य सात वाजता उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. पण खोऱ्यात त्याआधीच सावली पडते, आणि झाडीतली वाट साडेपाचलाच दिसेनाशी होते. म्हणून दुपारी अडीचला सगळे वासोळ्यात पोचलेले हवेत. गावकरी देवळापासून दीड तासात उतरतात. चार दिवसांनी थकलेल्या, ओझं घेतलेल्या गटाला तीन तास लागतात. त्यावर एक तास अडचणीसाठी राखून ठेवा. याचा अर्थ देवळाजवळून जास्तीत जास्त साडेदहाला निघायचं, कारण काहीही असो. साडेपाचला उठणं, पावणेसातला सॅक देवळाशी ठेवून गडावर निघणं आणि नऊपर्यंत परत येऊन पोहे खाणं, एवढं केलं की साडेदहा सहज गाठता येतात. सॅकपाशी दोघांनी थांबायचं. माकडं सॅकच्या चेन उघडतात आणि उघडता आली नाही तर फाडतात.

गडावर ओझं नेऊ नका, पण माणशी अर्धा लिटर पाणी आणि टॉर्च न्या. टॉर्च गेरूच्या विहिरीसाठी. तिला कावेची विहीरही म्हणतात. माथ्यावर जमिनीत कोरलेला हा अरुंद, खोल उतार आहे, त्याला ५० च्या आसपास पायऱ्या आहेत आणि तळाशी लाल गेरूची माती. पायऱ्यांची उंची मोठी आहे आणि खाली ओलावा असतो, त्यामुळे एका वेळी दोघांनीच उतरावं. तिथलं पाणी पिण्याचं नाही. बाहेर आल्यावर बुटांच्या तळाला चिकटलेली गेरूची माती दगडावर घासून काढा. तशाच बुटांनी उतरायला लागलात तर खाली कातळावर पाय निसटेल.

उतरण्याआधी दहा मिनिटं

सॅक पुन्हा भरायची. चढताना जड सामान खांद्याच्या उंचीला पाठीशी लावून ठेवतात. उतरताना ते थोडं खाली, कमरेच्या वर आणि पाठीला घट्ट लागून हवं, म्हणजे वरचं ओझं पुढे ढकलत नाही. बाहेर काही लोंबतं ठेवू नका. बाहेर बांधलेली चटई कारवीच्या झुडपांत अडकते आणि माणूस एका बाजूला ओढला जातो. शिधा संपल्यामुळे काहींच्या सॅक हलक्या झालेल्या असतात आणि ज्यांच्याकडे तंबू-भांडी आहेत त्यांच्या तशाच जड राहतात. इथे वाटणी नव्याने करा. जो दमलाय त्याची अख्खी सॅक दुसऱ्याच्या गळ्यात घालू नका, कारण दोन सॅक घेतलेला माणूस दुसरा जखमी होण्याची शक्यता जास्त. त्याच्याकडचं दोन-तीन किलो सामान काढून तिघांत वाटा.

बुटाची नाडी पावलावर मध्यम आणि घोट्यापाशी घट्ट. शेवटच्या दोन भोकांत प्रत्येक बाजूला एक छोटा फास तयार करून नाडी त्यातून ओवली की टाच मागे घट्ट बसते आणि बोटं पुढे आपटत नाहीत. अंगठ्याचं नख काळं पडतं ते बऱ्याचदा अशा आपटण्यानेच, फक्त बूट लहान असल्यामुळे नव्हे. नखं आदल्या रात्री कापलेली असावीत. काठी असेल तर चढाच्या मापापेक्षा पाच ते दहा सेंटिमीटर लांब करा.

पाणी माणशी दोन लिटर आणि शिवाय गटाचं राखीव दोन लिटर. सहा जणांचे चौदा लिटर होतात. ओझं कमी करायचं म्हणून हे पाणी ओतून टाकायचा मोह होतो. टाकू नका.

शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात. एक फुंक म्हणजे थांबा, तीन फुंका म्हणजे मदत. पुढे वाट ओळखणारा एक, सगळ्यांत मागे औषधांची पिशवी घेतलेला एक अनुभवी, आणि सर्वांत हळू चालणारा पुढच्याच्या लगेच मागे. गटाची चाल त्याच्या पायांनी ठरते. हळू चालणारा शेवटी राहिला की पुढचे थांबून विश्रांती घेतात, तो पोचला की लगेच निघतात, आणि ज्याला विश्रांतीची खरी गरज असते त्याला ती कधीच मिळत नाही.

उतार

वाट सोंडेवरून पदरात आणि पदरातून शेताकडे उतरते. हिवाळ्यात इथे तीन गोष्टी पाय घसरवतात. पहिली म्हणजे वाळून आडवं झालेलं गवत. ते मऊ दिसतं, पण उताराच्या दिशेने झोपलेलं असल्यामुळे त्यावर पाऊल गुळगुळीत फरशीसारखं निसटतं. गवतावर पाऊल आडवं टाका आणि वजन पूर्ण टाकण्याआधी चाचपून घ्या. दुसरी गोष्ट म्हणजे घसारा, टणक मुरमावर पसरलेले सुटे खडे. भीतीने मागे रेललं की टाच सुटते आणि माणूस बसकण मारतो. गुडघे किंचित वाकवायचे, अंग थोडं पुढे, पावलं आखूड आणि पूर्ण तळवा टेकलेला. घसाऱ्यात दोघांमध्ये पाच-सहा मीटर अंतर ठेवा, आणि वाट वळणावळणाची असेल तर वरचा माणूस खालच्याच्या बरोबर डोक्यावर येणार नाही असं थांबा. दगड सुटला तर ‘दगड, दगड’ असं ओरडायचं. खालच्यांनी वर बघायचं नाही, सॅक डोक्यामागे धरून कड्याला चिकटायचं.

तिसरी गोष्ट कारवी. तोल गेला की हात आपोआप तिच्याकडे जातो. ओली कारवी वाकते, वाळलेली काटकन मोडते आणि मग माणूस दुप्पट वेगाने जातो. धरायचीच झाली तर मुळाजवळ, आणि एका वेळी दोन-तीन काठ्या एकत्र. वाटेच्या कडेला तोडलेल्या कारवीचे तिरपे खुंट उभे असतात. त्यावर बसकण मारली तर जखम खोल होते. जिथे कारवी तोडलेली दिसेल तिथे वेग निम्मा करा.

वाट चुकण्याची जागा मुख्यतः पदरात. सोंडेवर वाट एकच असते, पदरात गुरांमुळे दहा होतात. ओळखायची खूण साधी आहे: गावची वाट सतत उंची सोडते आणि तिच्यावर दगड घासून गुळगुळीत झालेले असतात. ढोरवाट आडवी जात राहते, शेण असतं आणि ती झुडपांखालून इतकी बुटकी निघते की माणसाला वाकावं लागतं. दहा मिनिटं चालून उंची कमी झाली नसेल तर शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत मागे या. समोर गाव दिसतंय म्हणून ओढ्यातून सरळ खाली घुसू नका. सह्याद्रीतले ओढे थोडं उतरून कड्यावर संपतात. खाली जायला जागा नसते आणि आलो तसं वर चढायला पायांत बळ नसतं.

दर ४५ मिनिटांनी पाच मिनिटं थांबा. बसू नका, उभ्यानेच सॅक दगडावर टेकवा. फार वेळ बसलं की मांड्या आखडतात आणि पुढची दहा पावलं लटपटतात. त्या दहा पावलांत पडायला होतं.

घोटा मुरगळला तर बूट लगेच काढू नका. सूज आली की तो परत चढत नाही, आणि उतरायला बुटाचाच आधार असतो. नाडी सैल करून दहा सेंटिमीटर रुंदीची क्रेप पट्टी बुटावरूनच आठच्या आकड्यासारखी गुंडाळा. त्या माणसाला चार पावलं वजन टाकता येत असेल तर दोन काठ्यांवर हळू उतरवा. येत नसेल, किंवा घोट्याच्या हाडावर बोट ठेवताच कळवळला, तर हाड मोडलंय असं समजा आणि दोघांना पाणी, शिट्टी, टॉर्च देऊन गावात मदतीला पाठवा. एकट्याला पाठवू नका. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८, पोलिसांचा ११२.

साप चावला तर कापणं, चोखणं, दोरी आवळणं यांतलं काहीही करायचं नाही. अंगठी, घड्याळ काढा, तो अवयव काठी बांधून स्थिर करा, माणसाला चालू देऊ नका आणि प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात न्या. वाईला ग्रामीण रुग्णालय आहे आणि साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सर्वसाधारण रुग्णालय. १०८ वर बोलतानाच जवळ कुठे प्रतिसर्पविष उपलब्ध आहे ते विचारून घ्या.

गावात पोचल्यावर

शेतं लागली की गट एकत्र करा आणि सगळे आलेत ते मोजा. मग पाणी, गूळ-शेंगदाणे आणि सावलीत अर्धा तास. उतरल्या उतरल्या थंड पाण्यात पोहावं असं सगळ्यांना वाटतं आणि समोर धोमचा जलाशय चमकत असतो. त्यात उतरू नका. थकलेल्या मांडीत पाण्याच्या गारव्याने गोळा येतो, काठाला गाळ असतो आणि खोली एकदम वाढते. हातपाय हापशावर किंवा नळावर धुवा, गावाने हो म्हटलं तर.

ज्या घरी चहा-जेवण झालं तिथे पैसे विचारले की ‘द्या की काय द्यायचं ते’ असं उत्तर येतं. माणसं संकोची आहेत म्हणून ते कमी पैशात राजी आहेत असं होत नाही. जेवणाआधीच माणशी दर ठरवा आणि जाताना घरातल्या मावशींच्या हातात द्या. भाकऱ्या त्यांनी थापल्यात. उरलेला न फोडलेला शिधा, साखर, चहा, तांदूळ, हवा का ते विचारून द्या. फोडलेल्या पुड्या आणि प्लॅस्टिक मात्र गावात टाकून जायचं नाही. कचऱ्याच्या दोन पिशव्या, एक प्लॅस्टिक-डब्यांची आणि एक सॅनिटरी पॅडसारख्या गोष्टींची, बांधून वाईपर्यंत सोबत न्यायच्या.

एसटीची वेळ निघण्याआधीच वाई आगाराच्या चौकशी खिडकीवर विचारलेली असावी. गावाकडच्या गाड्या मोजक्या असतात. मुक्कामी गाडी संध्याकाळी येते ती रात्री गावातच थांबते आणि पहाटे परत निघते, त्यामुळे ‘संध्याकाळी गाडी आहे’ असं कुणी सांगितलं तर ती वाईला परत जाते का, हे खास विचारा. वडाप, म्हणजे माणशी भाडं घेणारी खासगी जीप, मिळेलच असं नाही. सहा जण आणि सहा मोठ्या सॅक असतील तर गावातली जीप आदल्या दिवशीच सांगून ठेवणं बरं. स्वतःची गाडी वासोळ्यात ठेवली असेल तर चालवणाऱ्याने आदल्या रात्री पूर्ण झोप घेतलेली असावी, आणि उतरल्यावर तासभर डोळा लावूनच चावी हातात घ्यावी. पुण्याकडे जाणाऱ्यांना सुरूरला महामार्ग लागला की पुढे खंबाटकी आहे. भरपेट मिसळ खाऊन तिथे पेंगणं म्हणजे चार दिवसांच्या सगळ्या काळजीवर पाणी फिरवणं.

हिशोब गाडीतच करा, टीटीएमएम (तुझं तू, माझं मी) असलं तरी. समजा सहा जणांनी १,५०० प्रमाणे ९,००० जमा केले, त्यातून ७,७०० खर्च झाले आणि जीपचे ७०० एकाने खिशातून दिले. एकूण खर्च ८,४००, माणशी १,४००. उरलेल्या १,३०० मधून आधी त्याचे ७०० परत, मग राहिलेल्या ६०० मधून प्रत्येकाला १००. आठवड्याने मोबाइलवर केलेल्या हिशोबात कुणाला तरी वाईट वाटतंच.

घरी

तंबू त्याच रात्री उघडून पसरा. सुकल्यासारखा वाटला तरी दंवाचा ओलावा घडीत राहतो आणि दोन दिवसांत बुरशी धरते. मोज्यांतली कुसळं धुण्याआधी बारीक कंगव्याने काढा, धुतल्यावर ती आत रुततात. बुटांतले तळवे काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, उन्हात ठेवू नका, डिंक सुटतो. टॉर्चमधल्या बॅटऱ्या बाहेर काढा. भाड्याचं सामान परत करण्याआधी तंबूच्या खुंट्या मोजा.

अंघोळीच्या वेळी काखा, जांघा, गुडघ्यामागे आणि कानामागे गोचीड बघा. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढायची, तेल-काडेपेटी काही नको. मांड्यांचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतं. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ओझं रोखत असतो, त्याने असं होतं. हलकं चालणं आणि भरपूर पाणी पुरतं. पण लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच तासाला दवाखाना.

पुढचे तीन आठवडे कुणालाही ताप आला तर डॉक्टरांना ‘रानात मुक्काम होता’ हे पहिल्या वाक्यात सांगा, आणि अंगावर कुठे काळ्या खपलीचा छोटा डाग आहे का ते दाखवा. स्क्रब टायफस रानातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होतो, ताप सहा ते एकवीस दिवसांनी येतो आणि वेळेत ओळखला तर साध्या प्रतिजैविकाने बरा होतो. गटातल्या एकाला ताप आला की बाकी पाच जणांना त्याच दिवशी फोन करा.